हौदाचं झाकण

तालुक्याच्या कार्यालयातून आलेला निरोप मुकुंदराव धारूरकरांनी मोबाइलवर पुन्हा एकदा वाचला आणि त्यांचा पारा चढला. सगळ्या मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर भरदुपारी टाकलेला निरोप होता. आज सायंकाळनंतर वादळी वाऱ्याची शक्यता. शाळेतील मौल्यवान साहित्य, विशेषतः संगणक, सुरक्षित ठिकाणी हलवावे. नुकसान झाल्यास मुख्याध्यापक जबाबदार. खाली एकामागून एक सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. सुरक्षित ठिकाण म्हणजे नेमकं कुठलं, हे विचारायची छाती एकाचीही झाली नव्हती. मुकुंदरावांनीही मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि अंगठाच दाखवला.

आता पिशोरपासून आत, उघड्या माळावर वसलेल्या धनगरांच्या वस्तीत सुरक्षित ठिकाण आणायचं कुठून? शाळा म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे आणि पत्रे उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड. वस्तीतली घरंही तसलीच, काही तर नुसती कुडाची. बिरोबाचं देऊळ दगडी खरं, पण ते एवढंसं, की देव आत बसला की पुजाऱ्याने बाहेर बसावं. पिशोरला नेऊन ठेवावं म्हणून जीपवाल्याला फोन लावला, तर तो लग्नाचं वऱ्हाड घेऊन कन्नडला गेलेला. उद्या सकाळी येतो म्हणाला. जसं काही वादळ त्याच्यासाठी थांबणार होतं.

आणि साहित्य तरी साधंसुधं होतं का? चांगले आठ कम्प्युटर होते. मुकुंदरावांचा पुतण्या हिमांशू वाळूजच्या एका कारखान्यात साहेब होता. कारखान्याने जुने कम्प्युटर काढायचे ठरवले, तेव्हा काकांनी त्याच्यामागे असा लकडा लावला, की शेवटी "काका, घेऊन जा एकदाचे" म्हणून तो स्वतःच टेम्पो घेऊन वस्तीवर आला. मास्तरांना मुलांच्या शिक्षणाची केवढी तळमळ, असं लोक म्हणाले. तळमळ होतीच, पण त्याहून मोठी धास्ती होती. दोन वर्षं पाऊस दगा देत होता. मेंढरांना चारा नाही, माणसांना काम नाही, आणि तिकडे शहर चारी अंगांनी फुगत चाललेलं. इमारतींवर राबायला हात कितीही कमीच. वस्तीतली घरं एकेक करून कुलपं घालून निघाली, जाताना पोरं काखोटीला मारून निघाली, आणि शाळेचा पट विहिरीसारखा आटत गेला. आणखी आटला तर शाळा बंद करावी लागेल, असं वरून बजावून झालं होतं. कम्प्युटर आले आणि ही गळती थांबली. मास्तर मशीन शिकवतो म्हटल्यावर लोक पोरांना म्हाताऱ्यांपाशी ठेवून कामाला जाऊ लागले.

सृष्टी त्यातलीच एक. केरबाची नात. आईबाप वाळूजला एका पत्र्याच्या खोलीत, आणि ही इथे आजी-आजोबांजवळ. पोर चौथीतली, पण कळफलकावर बोटं अशी फिरायची, की मुकुंदरावांनी तोंडात बोट घालावं. एकदा तिने पडद्यावर मोठ्या अक्षरांत आजोबाचं नाव लिहिलं आणि त्याला ओढत शाळेत आणलं. केरबाने चपला बाहेर काढल्या, डोक्याचा पटका सारखा केला आणि देवळात शिरावं तसा वाकून आत आला. त्याला वाचता येत नव्हतं. "ह्यो म्या का?" त्याने नातीला विचारलं, आणि कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून तो शाळेचा बिनपगारी राखणदार झाला. मेंढरं वाड्यात घातली, की शाळेच्या कुलपाला एकदा हात लावून बघितल्याशिवाय तो जेवायला बसत नसे.

म्हणून निरोप वाचल्यावर मुकुंदरावांनी आधी हाक मारली ती केरबाला. उन्हाळ्याची सुट्टी होती, पण दुष्काळी भाग म्हणून शाळेत मुलांना खिचडी चालू होती. ती रांधून, वाढून केरबाची बायको कस्तुराबाई नातीला घेऊन पिशोरच्या बाजाराला गेलेली. निम्मीशिम्मी वस्ती बाजारात, उरलेली मेंढरांमागे. माळावर वाऱ्याचं नाव नव्हतं. अंगाची नुसती काहिली होत होती.

"घरात ठिवू का माझ्या?" केरबा म्हणाला.

"तुमच्या घराचे पत्रे माझ्या शाळेच्या आधी उडतील," मुकुंदराव म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांची नजर अंगणातल्या हौदावर गेली.

हौद जमिनीतला, सिमेंटचा. कुठल्याशा योजनेत बांधलेला. वर जाड स्लॅब, माणूस उतरेल एवढं चौकोनी तोंड आणि त्यावर लोखंडी झाकण. विहिरीवरून पाइप आणून तो भरायचा होता, पण हौद बांधून झाला आणि विहीर आटली. आठवड्याला टँकर यायचा तोही खालच्या सरकारी विहिरीत रिकामा व्हायचा आणि बायका तिथून शेंदून न्यायच्या. हौदात दोन उन्हाळ्यांत पाण्याचा थेंब पडला नव्हता. आत उतरलं तर पायाला कोरडी धूळ लागायची. वस्तीत याहून मजबूत जागा शोधून सापडली नसती, आणि ती आपल्याला सुचली या आनंदात मुकुंदराव चक्क हसले.

केरबा मात्र रेंगाळला. "पाण्याची जागा हाय ती, मास्तर."

"अहो, पण पाणी कुठंय?"

केरबाने मग झाकण उचललं. आटलेल्या शेततळ्यातला जाड काळा प्लास्टिकचा कागद कुणीतरी गुंडाळून शाळेमागे टाकला होता, तो दोघांनी फाडला. एकेक कम्प्युटर त्यात गुंडाळून सुतळीने आवळला. केरबा आत उतरला, मुकुंदराव वरून देत गेले. तान्ह्या पोराला घ्यावं तसं केरबा प्रत्येक गाठोडं दोन्ही हातांवर घेत होता. एक प्रिंटर होता, जुनाट, निम्मं पान छापून गप्प बसणारा. त्याला कशाला कागद वाया घालवायचा म्हणून तो तसाच टेबलावर राहिला. शेवटी झाकण लावलं आणि पावसाचं पाणी झिरपायला नको म्हणून कडेने शेणमातीने लिंपून घेतलं. काम झाल्यावर ते इतकं बेमालूम दिसायला लागलं, की त्याखाली काही आहे अशी शंकाही कुणाला यायची नाही.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मुकुंदराव पडले सावध माणूस. मागच्या वर्षी शेजारच्या गावातल्या शाळेची बॅटरी रातोरात गायब झाली होती, ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

"केरबा, हे आपल्या दोघांतच ठेवायचं. मी उद्या येईपर्यंत कुणालाही कळता कामा नये."

"म्या कुणाला कशाला सांगतुया?"

"कस्तुराबाईंनासुद्धा नाही. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि वस्तीत कोण येतं, कोण जातं, काय सांगावं? शपथ घ्या बरं."

आता, मुकुंदरावांच्या शहरातल्या पुंडलिकनगरच्या घरात शपथ दिवसातून दहादा निघायची. चहात साखर घातली नाही, शपथ. किल्ली मी घेतली नाही, गळ्याशपथ. सवयीने घ्यायची आणि सवयीने विसरायची. केरबाने मात्र मास्तरांच्या तोंडाकडे एकदा बघितलं. त्याला लागलं असावं. तो सरळ देवळाकडे चालत गेला आणि परत आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती. त्याने ती उघडली. तळहातावर बिरोबाचा पिवळाजर्द भंडारा होता.

"बिरोबाची आण हाय. तुमी सोडवल्याबिगर ह्या तोंडातून शबूद निघायचा नाय," तो म्हणाला आणि भंडारा कपाळाला लावला.

मुकुंदरावांना गंमत वाटली आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. त्यांनी मोटारसायकलला किक मारली आणि उजेड आहे तोवर शहराचा रस्ता धरला.

वादळ आलं ते दिवेलागणीला. आलं म्हणजे काय, शहरावर धुळीची भिंतच चालून आली. मुकुंदरावांच्या घरासमोर एक नवी इमारत उठत होती, तिच्यावरचे पत्रे, पोती, बांबू सगळं गल्लीत येऊन पडलं. वीज गेली. कुणाच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण आदळत-आपटत कोपऱ्यापर्यंत गेलं. एवढा कहर झाला, पण पावसाने काही तोंड दाखवलं नाही. चार थेंब पडले, तेही मातीचे.

"तुमच्या शाळेचं काय झालं असेल हो?" मेणबत्ती लावत भानुमतीबाईंनी विचारलं.

"शाळेचं काय व्हायचं ते होवो, कम्प्युटर जमिनीच्या पोटात आहेत," मुकुंदराव म्हणाले, आणि हौदाची हकीकत त्यांनी बायकोला रंगवून रंगवून सांगितली. वस्तीवर कुणाचा फोन लागत नव्हता. टॉवर बंद पडला असणार. तरी मुकुंदरावांना त्या रात्री शांत झोप लागली.

सकाळी निघाले तर रस्त्यात ठिकठिकाणी झाडं आडवी. कुठे वळसा, कुठे खोळंबा, असं करत पिशोर गाठेपर्यंत दुपार कलली. पिशोरच्या पुढे कच्च्या रस्त्यावर समोरून टँकर आला. रिकामा होता, खड्ड्यांतून उड्या मारत येत होता. मागच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने हात केला. मुकुंदरावांनीही केला. वादळातसुद्धा टँकर चुकला नाही, याचं त्यांना कौतुक वाटलं.

शाळा लांबूनच बोडकी दिसली. पत्रे पार शेतात जाऊन पडले होते, एक बाभळीवर लटकत होता. मुकुंदराव दुसऱ्या खोलीत डोकावले. टेबलं जागच्या जागी होती आणि सगळ्यांवर बोटभर धूळ. तो जुनाट प्रिंटरही धुळीने माखून टेबलावर जसाच्या तसा बसलेला होता. पाऊस नाही, दगड नाही, त्याला साधा ओरखडाही उमटला नव्हता. मुकुंदरावांना काहीतरी खटकलं, पण काय खटकलं ते ध्यानात यायच्या आत कस्तुराबाईचा आवाज आला.

"बरं झालं आलात, मास्तर! आता तुमीच सांगा ह्यास्नी. डोस्क्यात वारं गेलंय ह्यांच्या."

शाळेच्या अंगणात बायका होत्या. हंडे, कळश्या, प्लास्टिकचे डबे. हौदाभोवती ओल पसरली होती, झाकण बाजूला पडलं होतं, आणि वस्तीतली चंपाबाई हौदाच्या तोंडात दोरीने बादली सोडत होती. भिंतीला टेकून केरबा बसला होता. पटका सुटलेला, एका हाताचं कोपर सोलून निघालेलं. त्याने मुकुंदरावांकडे बघितलं, तोंड मात्र उघडलं नाही.

कस्तुराबाई एका दमात सांगत सुटली. विहिरीच्या वाटेवर वस्तीचा मोठा लिंब आडवा पडला, टँकर खाली जाईना. ड्रायव्हर म्हणाला, पाणी कुठं वतायचं सांगा, नायतर पुढच्या गावाला जातो. तर कस्तुराबाईलाच सुचलं, की शाळेचा हौद रिकामाच पडलाय. पोरांच्या खिचडीलाही होईल आणि वस्तीलाही. सगळ्या बाया व्हय म्हणाल्या. ड्रायव्हरनं पाइप सोडवला, आणि हे बाबा पळत आले आणि झाकणावर आडवे पडले.

"आडवे पडले?"

"आडवे! पालथे! इचारलं, का वो, काय झालं? तर गप. नुसतं म्हनायचं, मास्तरला यिऊ द्या, मास्तरला यिऊ द्या. मास्तर कवा येणार, ड्रायव्हर थांबतोय व्हय? चंपाबाई म्हनली, ह्यो मेंढरांसाठी हौद राखतोय. समद्या वस्तीनं त्वांडात शेण घातलं ह्यांच्या. तरी हालंनात. शेवटी म्याच पाय धरून वढलं, मास्तर. चार बायांनी हात धरलं. नवऱ्याला असं वढायची येळ आली माझ्यावर, लाज वाटली."

मुकुंदरावांना वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. हौदाच्या तोंडातून काळ्या पाण्यावर ऊन हललेलं दिसत होतं. शेणमातीने लिंपलेली कड फुटून पडली होती. आपण किती मन लावून ती लिंपली होती ते त्यांना आठवलं, आणि आपल्याच हाताचा त्यांना राग आला. आता सांगावं तर सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं, की आत काय आहे, आणि ते कुणापासून लपवलं होतं. थोडं थांबावं, केरबाला बाजूला घ्यावं, काहीतरी जुळवून सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, आलंच.

तेवढ्यात सृष्टी चंपाबाईच्या बादलीत तांब्या बुडवून तो तोंडाला लावताना दिसली.

"पिऊ नको!" मुकुंदराव ओरडले. "कुणीच पिऊ नका ते पाणी! आत कम्प्युटर आहेत!"

चंपाबाईने हातातली दोरी खाली टाकली. मुकुंदराव मग तुटक तुटक सांगत गेले. वादळाचा निरोप, काळा कागद, गाठोडी. त्यांत बॅटऱ्या असतात, शिसं असतं, नाही नाही ते असतं, पोटात गेलं तर वाईट. बायका ऐकत होत्या आणि भरलेल्या हंड्यांकडे बघत होत्या. सृष्टीच्या हातातला तांब्या तसाच राहिला होता.

कस्तुराबाई नवऱ्याकडे वळली. "तुमाला ठावं व्हतं?"

केरबाने मास्तरांकडे बघितलं. "सुटलो का म्या?" त्याने विचारलं.

मुकुंदरावांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. "सुटलात, केरबा. सोडवलं मी तुम्हाला."

"भंडारा उचालला व्हता," केरबा बायकोला म्हणाला. "मोडला असता तर पोरीवर आलं असतं." एवढंच बोलला. मघापासून जे सांगायला तडफडत होता, ते सांगण्यात आता काही राहिलं नव्हतं.

कस्तुराबाईने पदराने तोंड पुसलं आणि मुकुंदरावांना विचारलं, "कुणापासनं लपवत व्हता, मास्तर? आमच्याच पोरांचं व्हतं ना ते?"

ती चिडून बोलली असती तर मुकुंदरावांना सोपं गेलं असतं. ती खरोखरच विचारत होती. त्यांनी मान खाली घातली. चंपाबाईनेही घातली, पण तिचं कारण वेगळं होतं.

पाण्याचं काय करायचं, यावर कुणी मास्तरांचं मत विचारलं नाही. पुढचा टँकर आठवड्याने. मुकुंदरावांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, धुण्याभांड्याला वापरा, पिऊ नका. बायका व्हय म्हणायच्या आणि पाणी दुहेरी फडक्याने गाळून घरी न्यायच्या. मुकुंदराव बघत राहिले. त्यांच्या बॅगेत घरून आणलेली फिल्टरच्या पाण्याची बाटली होती. ती त्यांनी सृष्टीला दिली आणि देताना त्यांची त्यांनाच शरम वाटली. एका वस्तीला एक बाटली.

पाणी तळाला गेल्यावर केरबाच आत उतरला. त्याला नको म्हणायचं धैर्य मुकुंदरावांना झालं नाही. गाठोडी वर आली ती भरलेल्या पखालींसारखी. कागद पावसापुरता बांधलेला, बुडवण्यासाठी नव्हे. सोडली तशी पाणी आणि हौदातली चिकट माती बाहेर आली. सगळे कम्प्युटर ओळीने उन्हात मांडले. उन्हाची तेवढी वस्तीत कमतरता नव्हती.

वीज आल्यावर पिशोरहून शिवशंकर आला. टीव्ही, मोबाइल, मोटारी, काहीही दुरुस्त करणारा. त्याने स्क्रू काढले, फुंकर मारली, ब्रशने माती काढली, आणि एकेक बाजूला सारत गेला. पोरं भोवती कोंडाळं करून बसली होती. शेवटच्या एकाला वायर जोडली आणि पडदा निळा झाला. पोरांनी अशी आरोळी ठोकली, की पलीकडची मेंढरं बुजली. सृष्टीने धावत जाऊन कळफलकावर बोटं ठेवली. पडदा थरथरला, आतून जळकट वास आला आणि सगळं काळं पडलं. तिने पुन्हा कळ दाबली. पुन्हा दाबली. शिवशंकरने हळूच वायर काढून घेतली.

"टेबलावर उघडं ऱ्हायलं असतं तर पुसून चालू झालं असतं, सर," तो म्हणाला. "त्यो प्रिंटर बगा की, चालतोय."

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनीही तेच विचारलं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. पत्रे वादळाने गेले, मान्य. पण पाऊस पडला नाही, मग कम्प्युटर भिजले कशाने? मुकुंदरावांनी खरं ते सांगितलं. साहेबांनी पेन खिशाला लावलं. "म्हणजे हे वादळात येत नाही, धारूरकर. हे तुमच्यात येतं," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

पुतण्याला पुन्हा गळ घालून झाली. "काका, दुसऱ्यांदा कुठून आणू?" तो म्हणाला, आणि तेही खरंच होतं. जून निघून गेला. पाऊस आला नाही. शाळेवर पत्रे चढले, पण वर्गात बसायला पोरं उरली नाहीत. नुसती पाटी-पुस्तकाची शाळा तर शहरातही असते, असं आईबाप म्हणाले, आणि एकेकाला घेऊन गेले. सरकारने शाळा पिशोरच्या शाळेत मिसळून टाकली, मुकुंदरावांनाही तिथेच एका कोपऱ्यात टेबल मिळालं. केरबाने मेंढरं विकली. जायच्या आधी तो पिशोरला येऊन मुकुंदरावांना भेटला. "तुमच्या तिकडं काय काम असंल तर बगा," म्हणाला. शहरात काम लावून देईल असं त्याच्या ओळखीचं दुसरं होतं कोण?

मुकुंदरावांनी जीव तोडून खटपट केली. समोरच्याच इमारतीच्या ठेकेदाराला गाठलं आणि केरबाला राखणदार म्हणून लावून दिलं. दोघं नवराबायको सृष्टीला घेऊन तळमजल्यावर, विटांच्या आडोशाला राहायला आली. वाळूजच्या खोलीत मुळात पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून पोर आजोबांबरोबरच राहिली. कस्तुराबाई विटा वाहायची. मुकुंदराव रोज कामावरून आले की बाल्कनीतून खाली बघायचे. खाली जायला मात्र त्यांना बरेच दिवस लागले.

गेले त्या संध्याकाळी नव्या स्लॅबवर पाइपने पाणी मारणं चालू होतं. बोअरचं पाणी, जाडजूड धार. स्लॅबवरून ओघळून ते खाली चिखल करत होतं आणि त्या चिखलात सृष्टी अनवाणी नाचत होती. गजांच्या ढिगाशेजारी एक पोतं अंथरलेलं होतं.

"सर!" ती धावत आली. "सर, इथं पाणी लई हाय! दिवसभर हाय!"

"हो गं," मुकुंदराव म्हणाले. ते केरबाकडे वळले. "शाळेत नाव घातलं का, केरबा?"

"घालू की," केरबा म्हणाला. त्याने विडी विझवली. "रातच्याला म्या जागतुया, तर दिसा झोप लागती. तवर ही बसती गजांपाशी. कुणी आलं तर हाक मारती. पोरगी हुशार हाय."

मुकुंदराव यासाठीच तर आले होते. जिन्यात दोनदा मनाशी घोकून आले होते. "मी काय म्हणतो," ते म्हणाले, "संध्याकाळी तिला माझ्याकडे पाठवा. घरी कम्प्युटर आहे. रोज तासभर शिकवीन. विसरायची नाही ती. तुम्ही नुसती वर पाठवा."

सृष्टी चिखलात उभी राहून आजोबाच्या तोंडाकडे बघू लागली. विटांआडून कस्तुराबाईही बघू लागली. केरबाने गजांच्या ढिगावरून हात फिरवला, बसलेली धूळ झटकली. रागाचा लवलेशही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. असता तर मुकुंदरावांनी हात जोडले असते, पाय धरले असते.

"नगं, मास्तर," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "तुमच्या घरातनं कायतरी हरपलं, तर म्या आता कंच्या देवाचा भंडारा उचलू?"

पाइपवाल्याने धार दुसरीकडे वळवली आणि सृष्टी तिच्यामागे पळाली.